इंद्रधनुष्य दिसलं, रेघा दिसल्या नाहीत

आठवीच्या वर्गात वर्णपटमापकाची, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारी, आठ खोकी तयार झाली होती आणि आठही खोक्यांतून रंग दिसत होते. मुलं खिडकीशी धावत होती, एकमेकांच्या डोळ्याला खोकं लावत होती. सातवीची पोट्टी दारात गर्दी करून उभी होती. शाळेतला उपक्रम इथवर आला की तो पार पडला असं आपण धरतो, फोटो काढतो आणि पुढच्या धड्याकडं वळतो. मीही वळणारच होतो. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, गोठ्यातल्या लाइटात न् बाहेरच्या उजेडात सारखेच रंग दिसते. मंग हे खोकं सांगते काय?"

तिचं निरीक्षण बरोबर होतं, आणि तसं दिसायला नको होतं. गोठ्यात जुना सीएफएल होता. सीएफएलचा उजेड आणि आभाळाचा उजेड आपल्या डोळ्याला दोन्ही पांढरेच वाटतात, पण वर्णपटमापकातून ते वेगळे दिसायला हवेत. एकात सलग पट्टा, दुसऱ्यात सुट्या रेघा. आमच्या खोक्यांत दोन्हीकडं सलग पट्टाच येत होता. पुढचे तीन आठवडे आम्ही हे असं का होतं ते शोधत होतो.

शाळा जिल्हा परिषदेची, अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेच्या पट्ट्यातली. भोवती कपाशी, तूर, सोयाबीन. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्यात कड उडालेला एक लोलक. म्हणून कागद-पुठ्ठ्याचा वर्णपटमापक करायचं ठरलं. खोकं म्हणून खडूचे रिकामे डबे घेतले, साधारण दहा सेंटीमीटर लांबीचे. डब्याच्या एका टोकाला उजेड आत यायला खिडकी कापली, दुसरं टोक ४५ अंशात तिरकं कापून त्यावर डीव्हीडीचा तुकडा चिकटवला आणि त्या तुकड्यामागं डोळा किंवा मोबाईलचा कॅमेरा लावला.

डीव्हीड्यांना तोटा नव्हता. लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीड्या घरोघरी पडून आहेत आणि त्या चालवायचं यंत्र आता कोणाकडंच नाही. तरी पोरांना सांगितलं की आईबाबांच्या लग्नाची डीव्हीडी विचारल्याशिवाय आणायची नाही. जिच्यावर ओरखडे पडलेत किंवा जी कोरी आहे तीच आणा. डीव्हीडी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. कडेला चाकूचं टोक घालून हलकेच पिळलं की त्या सुटतात. एका चकतीवरचा चकचकीत थर चिकटपट्टीनं ओढून काढायचा. घरी भरता येणाऱ्या डीव्हीडीवर जांभळा रंग असतो, तो सॅनिटायझरनं पुसला जातो. हाती उरते एक पारदर्शक चकती आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे चर. शेजारच्या दोन चरांमध्ये अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे १,३५० चर. सीडीवर हे अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, मिलिमीटरमध्ये ६२५ चर. चर जितके दाट तितके रंग एकमेकांपासून जास्त फाकतात, म्हणून डीव्हीडी बरी.

४५ अंश का, हे मुलांना फळ्यावर दाखवलं. उजेड तुकड्यावर ४५ अंशात येऊन पडला की वर्णपटाच्या मधला हिरवा भाग तुकड्यातून जवळजवळ काटकोनात बाहेर निघतो. मोबाईल तिरक्या तोंडावर सपाट टेकवला की अख्खा वर्णपट कॅमेऱ्याच्या मधोमध येतो. निळ्यापासून लालपर्यंतचा पसारा सतरा-अठरा अंशांचा, कॅमेऱ्याच्या चौकटीत सहज मावणारा. हा भाग आमचा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक दुसऱ्या टोकाला होती आणि तिच्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं, माझंही नाही.

मुलांनी कापलेली खिडकी पाच मिलिमीटर रुंद होती, काहींची त्याहून जास्त. मी सुरुवातीला "बारीक फट ठेवा" म्हटलं होतं. त्यांनी ती ठेवलीही. पण फट बारीक केली की आत अंधुक दिसतं, म्हणून प्रत्येकानं ती थोडी-थोडी वाढवत नेली. रंग जितके ठळक तितकं खोकं चांगलं, असा हिशेब आपोआपच झाला. यात मुलांना दोष देता येत नाही. रंग बघायला सांगितले होते, त्यांनी ते जास्तीत जास्त ठळक करून दाखवले. रेघा शोधायला मीच सांगितलं नव्हतं.

वर्णपटातली प्रत्येक रेघ ही खरं तर फटीचंच चित्र असतं, एकेका रंगातलं. फट पाच मिलिमीटर रुंद असली की तिचं हिरवं चित्रही तितकंच रुंद येतं, पिवळंही तसंच, आणि ही चित्रं एकमेकांवर चढतात. सगळ्या चढाचढीचा मिळून जो लेप होतो त्याला आम्ही इंद्रधनुष्य म्हणत होतो. हिशेबही सोपा आहे. फटीची रुंदी भागिले खोक्याची लांबी, त्याला चरांमधल्या अंतरानं गुणायचं आणि ४५ अंशांच्या तिरकेपणासाठी ०.७ नं. पाच मिलिमीटरची खिडकी आणि दहा सेंटीमीटरचा डबा धरला तर एकेक रेघ सुमारे २६ नॅनोमीटर रुंद पसरते. (रंगाची वर्णपटातली जागा त्याच्या तरंगलांबीनं सांगतात, आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात.) सीएफएलमधल्या पाऱ्याची हिरवी रेघ ५४६ नॅनोमीटरवर, पिवळी जोडी ५७८ च्या आसपास. दोन्हींत अंतर ३२. मध्ये अंधार उरायला जागा जेमतेमच, आणि पाऱ्याच्या जोडीला सीएफएलच्या आतल्या पावडरीच्या रेघाही असतात, त्या उरलंसुरलं भरून काढतात.

हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा दोघा-तिघांनीच मान हलवली. सगळ्यांना पटलं ते दुसऱ्या दिवशी, लग्नपत्रिकेच्या दोन पुठ्ठ्यांमुळं. डब्याच्या खिडकीवर दोन्ही पुठ्ठे सरकते ठेवले. गोठ्यात सीएफएल लावला. एका मुलाला डोळा लावून बसवलं आणि मी दोन्ही बाजूंनी पुठ्ठे हळूहळू जवळ आणत गेलो. बराच वेळ तो म्हणत राहिला, "अंधार होऊन राह्यला सर, अंधार होऊन राह्यला." मग एकदम गप्प झाला. मग ओरडला, "तुटलं! रंग तुटले न् रेघा झाल्या!"

आठही जणांनी तो क्षण एकेकदा बघितला. गोठ्यातल्या म्हशीनं काय विचार केला असेल कोण जाणे, आम्ही संध्याकाळपर्यंत तिथून हललो नाही. वर्णपटमापक शिकवायचा असेल तर पक्की फट आधी देऊच नये, असं माझं आता ठाम मत आहे. आधी सरकती द्यावी. रुंदीपासून बारीकपणापर्यंतचा प्रवास मुलाच्या डोळ्यासमोर घडला पाहिजे.

त्यानंतर खोकी नव्यानं बांधली. खडूचे डबे सोडले आणि जाड पुठ्ठ्याची वीस सेंटीमीटर लांब, पाच सेंटीमीटर रुंद खोकी केली. फटीसाठी दाढीचं ब्लेड घेतलं. कात्रीनं कापलेल्या कागदाची कड उघड्या डोळ्यांना सरळ वाटते, पण तिला तंतू असतात. ब्लेडची धार सरळ असते. ब्लेड कागदी वेष्टनातच ठेवून उभं मोडायचं, मग बोट कापत नाही. ते काम मी स्वतः केलं, मुलांच्या हाती दिलं नाही. मोडलेले दोन भाग धारेला धार समोरासमोर ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये वहीच्या कागदाची दुहेरी घडी उभी धरायची. वहीचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणून दुहेरी घडी म्हणजे ०.२. दोन्ही धारा घडीला टेकवून चिकटपट्टी लावली आणि कागद ओढून काढला की फट तयार. आता तोच हिशेब केला तर रेघेची रुंदी सुमारे अर्धा नॅनोमीटर येते. खडूच्या डब्यापेक्षा पन्नासपट बारीक.

पाच खोक्यांतून लगेच रेघा दिसल्या. तिघांतून दिसल्या नाहीत. एकानं डीव्हीडी संपली म्हणून सीडीचा तुकडा लावला होता. त्याचा वर्णपट चौकटीच्या कडेला गेला होता, कारण सीडीला ४५ अंशांचा मेळ बसत नाही. बाकी दोघांचे तुकडे आडवे लागले होते. चर फटीला समांतर असायला हवेत. आडवा तुकडा लावला तर रंग फटीच्या लांबीच्या दिशेनं फाकतात आणि सगळं एकात एक मिसळतं. चर डोळ्यांना दिसत नाहीत, मग दिशा ओळखायची कशी? चकतीच्या कडेची गोलाई बघायची. चर त्या गोलाईला समांतर असतात. म्हणून तुकडा बाहेरच्या कडेजवळून कापायचा, लहान कापायचा आणि कापण्याआधीच त्यावर स्केचपेननं बाण काढून ठेवायचा. कडेजवळचा लहान तुकडा घेतला की चरांचा बाकही जाणवत नाही.

उजेड गळण्याचा त्रास सगळ्यांनाच झाला. खोक्याच्या कोपऱ्यांवर काळी चिकटपट्टी लावली. आतून पोस्टर कलरचा काळा दिला तर तो वाळल्यावर चकाकत होता. एका मुलीच्या आजीनं तव्याच्या बुडाची काजळी सुचवली. काजळी खळीत कालवून लावली, आणि आतला उजेड असा मेला की आम्ही बाकीची खोकीही तशीच रंगवली. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते. वर्णपटात कधी-कधी आडव्या काळ्या रेघा दिसतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या प्रकाशातल्या नाहीत, फटीत अडकलेल्या धुळीच्या आहेत. उभ्या रेघा तेवढ्या खऱ्या. कापसाच्या दिवसांत आमच्याकडं फटीत रोज एखादा तंतू सापडायचाच.

रेघा दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजायला ओळखीच्या दोन रेघा लागतात, आणि त्या सीएफएल किंवा ट्यूबलाइटमधला पारा देतो. एक निळी ४३५.८ नॅनोमीटरवर, एक हिरवी ५४६.१ वर. आता घरोघरी एलईडी आल्यामुळं सीएफएल मिळणं अवघड झालं आहे. गोठ्यातला तो एक दिवा आम्ही जीव की प्राण जपला. फुटला तर आतला पारा बाहेर येतो, म्हणून तो हाताळायला मुलांना मनाई होती. फोटो काढताना कॅमेऱ्याचा उजेड हातानं कमी करायचा, नाहीतर हिरवी रेघ पांढरीफट्ट येते आणि तिचा मध्य सापडत नाही.

एका फोटोत निळी रेघ डावीकडून ६१२ व्या ठिपक्यावर (पिक्सेलवर) आली, हिरवी ११४८ व्या. म्हणजे ५३६ ठिपक्यांत ११०.३ नॅनोमीटर, एका ठिपक्याला ०.२०५८. ही सरळ त्रैराशिकाची मांडणी इथं चालते, कारण वर्णपट तुकड्यातून जवळजवळ काटकोनात निघतो. तिरका निघत असता तर चालली नसती. तपासायला सीएफएलची ठळक लाल रेघ घेतली. ती १४६६ वर होती. हिशेब ६११.५ असा आला. ही रेघ युरोपियम या मूलद्रव्याची, दिव्याच्या पावडरीतली, आणि तिची जागा ६११ च्या जवळच आहे. वर्गात टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं, कारण इतक्या जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

मग त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडं आलो. सीएफएल, एलईडी आणि आभाळ यांचे फोटो एकाखाली एक लावले. एलईडीत निळ्याचा एक उंचवटा ४५० च्या आसपास, मग खळगा, मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग फुगवटा, रेघ एकही नाही. आभाळाचा पट्टा सलग, पण नीट बघितलं तर त्यात बारीक काळ्या रेघा. ५८९ जवळची आणि ४८६ जवळची तिघा मुलांना दिसली. याच काळ्या रेघांची यादी जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफर यांनी १८१४ साली करायला घेतली होती. खोकं आभाळाकडं किंवा उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडं धरायचं, सूर्याकडं कधीच नाही. हे मी रोज सांगत होतो आणि रोज सांगावं लागतं.

मिठाचा प्रयोग शाळेच्या स्वयंपाकघरात झाला, पोषण आहाराच्या शेगडीवर. निळ्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेली काडी धरली. ज्योत पिवळी झाली आणि खोक्यात एकच रेघ उजळली, ठिपका १३६२. हिशेब ५९०.१. सोडियमच्या खरं तर दोन रेघा आहेत, ५८९.० आणि ५८९.६, पण त्या वेगळ्या दाखवणं आमच्या खोक्याच्या आवाक्याबाहेर. दोन्हींचा मध्य ५८९.३. चूक ०.८ नॅनोमीटर. आणि आभाळातल्या पट्ट्यात काळी दिसलेली रेघ नेमकी याच जागी. ज्योतीत उजळ, सूर्यात काळी. ज्योतीतलं मूलद्रव्य सूर्यातही आहे हे किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९ पासून पुढं जे उलगडलं ते इथं, भाजीच्या कढईशेजारी, पोरांच्या समोर होतं. या रेषेवर मी दोन तास थांबलो. वेळापत्रकाचं काय झालं ते विचारू नका.

०.८ या चुकीला आमच्या गावात एक वेगळा अर्थ आहे. धामणगावहून पुलगावकडं जाताना तळणी नावाचं लहानसं स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला इंग्लंडहून आलेल्या निरीक्षकांनी तिथं तळ टाकला होता. वॉल्टर आणि ॲनी माँडर हे दांपत्य होतं, जॉन एव्हरशेड होते. एव्हरशेड यांनी त्या सुमारे दोन मिनिटांच्या ग्रहणात सूर्याच्या कडेचा वर्णपट छायाचित्रात पकडला. पुढं ते कोडईकनालच्या वेधशाळेत आले आणि १९०९ मध्ये त्यांनी सूर्यडागांतल्या वायूच्या प्रवाहाचा जो शोध लावला तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. आपल्या पंचक्रोशीतली ही गोष्ट इथल्या शाळांत का सांगितली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलांना सर्वांत नवल वाटलं ते एव्हरशेड यांच्या उपकरणाचं. त्याला फटच नव्हती. "बिना फटीचं? मंग आपून काऊन एवढे दिवस ब्लेड चिकटवत बसलो?" त्याचं उत्तर ग्रहणातच आहे. चंद्रानं सूर्य झाकत आणला की शेवटी सूर्याच्या वातावरणाची एक बारीक कोर उरते. ती कोरच फट. म्हणून त्या वर्णपटात सरळ रेघा नसून कमानी येतात, कोरीच्या आकाराच्या. जो मुलगा गोठ्यात "तुटलं" म्हणून ओरडला होता, त्यानं हे लगेच पकडलं. रेघ म्हणजे फटीचं चित्र, मग कोरीचं चित्र कमानीसारखंच येणार.

त्याच दिवशी विजयदुर्गावर इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. त्यांच्यामुळं एक घोळही झाला आहे. हेलियमचा शोध सूर्याच्या वर्णपटातल्या एका अनोळखी पिवळ्या रेघेवरून लागला, आणि तो १८६८ मध्ये विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडं सर्रास सांगतात. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ती पिवळी रेघ ऑक्टोबरात तिथूनच बघितली. विजयदुर्गावर ते आले ते १८९८ मध्ये. त्या पिवळ्या रेघेची जागा ५८७.६ नॅनोमीटर. सोडियमच्या मध्यापासून फक्त १.७ दूर. सोडियम नाही हे ओळखायला एवढाच फरक हाती होता. आमची चूक ०.८. म्हणजे आमच्या खोक्याला ते ओळखता आलं असतं, पण थोडक्यात.

पालक बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न दुधाचा होता. यात भेसळ कळते का? मग हळदीचा, मग फवारणीच्या औषधाचा. मी स्पष्ट नाही म्हणालो. दूध रेघा देत नाही, आणि त्यातलं पाणी किंवा युरिया या खोक्यातून वेगळा दिसत नाही. शिवाय मोबाईलचा कॅमेरा उजेड स्वतःच्या मर्जीनं कमी-जास्त करतो, म्हणून रेघेची जागा भरवशाची असली तरी तिची तीव्रता नाही. ज्योतीत कुठलं मूलद्रव्य आहे, दिवा कुठल्या जातीचा आहे, इतकं हे खोकं सांगतं. एक शेतकरी थोडे नाराज झाले. पण खोटी आशा दाखवली असती तर पुढच्या हंगामात पोरांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता.

आता आम्ही अडलो आहोत ते मोबाईलपाशी. मोबाईल काढून परत टेकवला की सगळा वर्णपट चार-पाच ठिपके सरकतो, म्हणजे जवळपास एक नॅनोमीटर. ०.८ ची आमची चूक बहुतेक तिथूनच येते. त्यावर त्याच मुलीनं सुचवलंय की फटीच्या वरच्या अर्ध्या भागावर सीएफएलचा उजेड पाडायचा आणि खालच्या अर्ध्या भागावर मिठाच्या ज्योतीचा. दोन्ही वर्णपट एकाच फोटोत, एकाखाली एक. मोबाईल कितीही सरकला तरी दोन्ही सोबतच सरकतील. मधे पुठ्ठ्याचा पडदा कसा लावायचा यावर वाद चालू आहे, आणि गोठ्यातला दिवा शेगडीपर्यंत आणायला आठ मीटर वायर लागणार आहे.